संथेतला खोकला

कुंडमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जबलपूर शहराबाहेर, एक निवासी वेदपाठशाळा आहे. मी तिथे दुपारी इंग्रजी आणि गणित शिकवते. वेद शिकणाऱ्या मुलांना शाळेची परीक्षाही देता यावी, असं विश्वस्तांनी ठरवलं, म्हणून माझी गरज पडली. आईच्या ओळखीतून हे काम मिळालं. त्याआधी मी काही इंग्रजी शाळांत मुलाखती दिल्या होत्या. मागच्या बाकापर्यंत आवाज पोचत नाही, असं सगळीकडे सांगितलं गेलं. पाठशाळेत बाक नाहीत. मुलं सतरंजीवर, अगदी जवळ बसतात.

इमारत नवी आहे. गच्चीवर सोलर पॅनेल, फाटकावर कॅमेरा, आत धोतरावर स्वेटर घातलेली मुलं. बहुतेक जबलपूर, बालाघाट, छिंदवाडा इकडच्या मराठी घरांतली. पाहुणे आले की मुलांचे फोटो काढतात आणि त्यासाठी स्वेटर उतरवायला सांगतात. गुरुजी मूळचे विदर्भातले. सकाळी ते संथा देतात, म्हणजे एक ओळ ते एकदा म्हणतात आणि मुलं तीच ओळ दोनदा म्हणतात. समोर पोथी नसते. आवाजाबरोबर उजवा हात स्वरानुसार वर, खाली, बाजूला जातो. मी लवकर पोचले तर ओसरीवर बसून ऐकते. आत बसावं असं मला कोणी म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही.

सुरुवातीला मी फळ्यावर लिहायचे. मुलं फळ्याकडे बघतच नसत. डोळे मिटून माझ्या आवाजाची वाट बघत. मग मी धडा बोलून सांगू लागले. मी एकदा, ती दोनदा. मला ते सोयीचं वाटलं. हळू आवाजात एकदाच बोलायचं, पुढचं काम वीस तोंडं करत.

समुद्रातल्या दीपगृहाचा एक धडा होता. तो शिकवला तेव्हा मला सर्दी झालेली होती. दुसऱ्या ओळीनंतर मी खोकले. शिवाय प्रत्येक ओळ संपली की मी ‘ओके’ म्हणते, हे मला तोवर माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुलांनी धडा म्हणून दाखवला. एक शब्द चुकला नाही. दुसऱ्या ओळीनंतर सगळे एकदम हलकेच खोकले आणि प्रत्येक ‘ओके’ला वीस हात वर गेले. ते गंमत करत नव्हते. खोकला आणि ‘ओके’ धड्यात नाहीत, काढून टाका, असं मी सांगितलं. त्यांनी प्रयत्न केला, तर पुढची ओळच आठवेना. ओळीला ओळ तिथेच जोडलेली होती.

या मुलांत जबलपुरातल्याच अधारतालचा एक मुलगा आहे, तेरा वर्षांचा. पाठांतरात सगळ्यांच्या पुढे. त्याचे वडील संरक्षण खात्याच्या कारखान्यात आहेत. त्यांनीच त्याला हौसेने इथे आणून ठेवलं होतं. नंतर कारखान्यातले लोक विचारू लागले की काहो, मुलाला भटजी करून राहिले काय? ते अस्वस्थ झाले. आठवीची परीक्षा जवळ आली तसे एका रविवारी ते आले आणि ओसरीवरच बसले. गुरुजींना त्यांनी सरळ सांगितलं, इंग्रजी येत असेल तर राहू द्या, नाही तर आज घेऊन जातो. मलाही मुद्दाम बोलावून घेतलेलं होतं.

मुलाने दीपगृहाचा धडा सुरू केला. वडिलांचा चेहरा सैल झाला. मग खोकला आला.

“हा खोकला पुस्तकात आहे काय रे?”

“नाही बाबा. संथेत आहे.”

गुरुजींनी उपरण्याने तोंड पुसलं. वडील हसले नाहीत. त्यांनी पुस्तक उघडून पुढचा, न शिकवलेला धडा समोर धरला आणि वाच म्हणाले. मुलगा पानाकडे बघत राहिला. मग अगदी नम्रपणे म्हणाला, “एकदा तुम्ही म्हणा न, बाबा.”

वडिलांनी पहिली ओळ वाचली. मधल्या एका लांब शब्दापाशी ते अडले, श्वास घेतला आणि उरलेला शब्द घाईने संपवला. मुलाने डोळे मिटले आणि ओळ दोनदा म्हटली. दोन्ही वेळा त्याच शब्दापाशी अडला, तसाच श्वास घेतला, तशीच घाई केली. वडिलांनी पुस्तक बंद केलं.

“चल, सामान बांध.”

मुलगा उठला नाही. वेदाची अर्धी संहिता पाठ झाली आहे, मध्येच सोडली तर झालेलीही जाईल, असं काहीसं तो खाली बघत म्हणाला. त्याची नजर गुरुजींकडे वळली. गुरुजींनी वडिलांकडे पाहिलं. मुलगा वडिलांचा होता.

मग वडील माझ्याकडे वळले. “मॅडम, तुम्ही सांगा. याला वाचता येते काय?”

“नाही,” मी म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणावं लागलं. “नाही येत.”

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीच्या कडेकडे बघत पुढचं बोलले. तो अक्षरं ओळखतो, पण शिकतो ऐकून, वाचायची त्याला कधी गरजच पडली नाही. परीक्षेपर्यंत ठेवा, मी त्याला वाचायला लावते.

“आणि नाहीच आलं तर?”

“तर घेऊन जा.”

हे मी गुरुजींना विचारलं नव्हतं आणि मुलालाही नाही. पण बोलून झालं होतं. परीक्षेपर्यंत म्हणून वडील कबूल झाले. मात्र दुपारची आवर्तनं, म्हणजे पाठ झालेलं पुन्हा पुन्हा म्हणणं, कमी करून तो वेळ इंग्रजीला द्यावा, असं त्यांचं म्हणणं पडलं. गुरुजी पहिल्यांदाच बोलले. आवर्तन कमी होणार नाही, म्हणाले.

“जेवल्यावर हा पडून राहते, ताई. तो वेळ घ्या तुम्ही.”

वडील तिथे न जेवताच गेले. मुलगा फाटकापर्यंत सोडायला गेला आणि परत येऊन थेट आवर्तनाला बसला. माझ्याशी तो त्या दिवशी बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी फळ्यावर नव्या धड्याच्या चार ओळी लिहिल्या आणि गप्प बसले. गप्प बसणं मला जड जात नाही. त्याला गेलं. हात मांडीवर ठेवून तो माझ्या आवाजाची वाट बघत होता. बाकीची मुलं ओसरीत पडली होती. बाहेर पेरूच्या झाडावर पोपटांचा कलकलाट चालला होता. त्याने एकदा विचारलं, “दीदी, म्हणा न.” मी मान हलवून नाही म्हटलं.

बऱ्याच वेळाने तो उठला, फळ्याजवळ गेला आणि पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं. एकेक शब्द सुटा करून वाचू लागला. दुसऱ्या ओळीत एक शब्द गाळून पुढे गेला, थांबला, बोट मागे आणलं आणि तो शब्द घेतला. मी काहीच बोलले नव्हते. ओळ कशीबशी संपली.

तोच ओसरीतून, पडल्यापडल्या, मुलांनी ती ओळ उचलली. गाळलेला शब्द, थांबणं, मागे येणं, सगळ्यासकट एकदा म्हटली आणि दुसऱ्यांदा सुरू केली.

तो फळ्यावरचं बोट न उचलता दाराकडे वळून ओरडला, “चुप बे. संथा नाही ही. मी वाचून राहिलो.”