ओढीचं गणित

आमचे प्राध्यापक परदेशातून पुण्याला परतले ते एक सूत्र घेऊनच. गाव जितकं मोठं तितकी त्याची माणसांना ओढ जास्त, आणि अंतर वाढलं की ती ओढ झपाट्याने कमी. ग्रह सूर्याभोवती फिरतात तशी माणसं बाजाराभोवती फिरतात, असं ते चहा पिताना सांगत आणि स्वतःच मान डोलावत. मी नुकतीच संख्याशास्त्र घेऊन पदवीधर झाले होते. खेड्यातल्या बायका परक्या पुरुषाशी बोलणार नाहीत म्हणून त्यांनी मला पाहणीच्या कामावर घेतलं. हुशारीसाठी नव्हे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ऐकवलं.

इंद्रायणीकाठच्या एका गावी आम्ही जीपने गेलो. सूत्राप्रमाणे त्या गावाला पिंपरीची ओढ असायला हवी होती. पिंपरी जवळ, शिवाय तिथे नवा कारखाना उभा राहिलेला, वस्ती वाढत चाललेली. सर जीपमधून उतरलेच नाहीत. धूळ होती ना! मी घरोघर फिरले. बायका म्हणत, आम्ही चाकणच्या बाजाराला जातो.

"इतक्या लांब कशाला?" दारात शेंगा फोडत बसलेल्या एकीला मी विचारलं.

"पिंपरीत कोन हाय आमचं? चाकणच्या बाजारात लेक भेटती माझी. तिच्या सासरी आमाला कुठं सारखं जाता येतंय?"

मी हे सरांना सांगितलं. त्यांनी रुमालाने चष्मा पुसला.

"बाई, तुमचा प्रश्नच चुकतोय. कुठे जाता, असं विचारू नका. जवळ काय पडतं, ते विचारा."

"सर, ते तर नकाशातही दिसतं."

"मग झालं तर!"

मी नकार दिला. त्यांनी तो नवा प्रश्न देऊन ड्रायव्हरला पारावरच्या पुरुषांकडे पाठवलं. सगळ्यांनी अर्थातच पिंपरी सांगितलं आणि सूत्र तंतोतंत जुळलं.

पुण्यात अभ्यासकांच्या एका सभेत त्यांनी हे फळ्यावर मांडलं तेव्हा टाळ्या पडल्या. मी उभी राहिले आणि प्रश्न कसा बदलला ते सांगितलं.

"बायका भावनेने विचार करतात," सर हसून म्हणाले. सभागृहही हसलं. इतकी शिकलेली माणसं एकाच वेळी इतकी मठ्ठ दिसताना मी त्याआधी पाहिली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी मी काम सोडलं आणि मुलींच्या शाळेत गणित शिकवू लागले. सरांच्या अहवालावरून त्या गावाला पिंपरीची बस मिळाली. ती रिकामी धावली आणि काही महिन्यांत बंद पडली. त्यावर सरांनी वर्तमानपत्रात लेख लिहिला: खेडूत अजून सुधारणेला तयार नाहीत. शिक्षकांच्या खोलीत तो मी मोठ्याने वाचून दाखवला. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंना हसू आवरेना.