पटासाठी फोडलेला धुरा

श्री. दामोदरभाऊंची आणि माझी ओळख आमच्या गावच्या शंकरपटातली. धानाची कापणी उरकली की त्यांच्याच शेताच्या बांधीत बैलांच्या शर्यती होत. मी मंचाजवळ चहाची किटली मांडून बसे. चहावाल्याकडे कोणी पाहत नाही, म्हणून त्याला ऐकू फार येते.

त्या वर्षी भाऊंनी लटारीला मंचावर, पाहुण्यांच्या शेजारी, खुर्ची दिली होती. लटारीचे पाय लहानपणापासून लुळे. बसल्या जागी गोऱ्हे शिकवून त्याने जोडी तयार केलेली. पण धुरे, म्हणजे शेतांचे बांध, ओलांडून पटात येणे कधी जमले नव्हते. गडी पाठीवर घ्यायला तयार असत. "पोतं हाव का मी?" म्हणून तो घरीच राही. भाऊंनी स्वतः विनवले, तेव्हा कुठे गड्याच्या पाठीवरून आला. गळ्यात हारही पडला. पट संपल्यावर भाऊंनी विचारले, "कसा वाटला?"

"पट कुठी दिसला, भाऊ? पाव्हण्याईच्या टोप्या दिसल्या. अन् लोकं मलेच पाहून राह्यले होते. मले माह्या बैलाजवळ, सुटाच्या दोरीपाशी बसाचं होतं."

"चुकलंच माह्यं," भाऊ एवढेच बोलले.

पुढच्या वर्षी ते माझ्या दुकानाशी आले. "थोडा सरक गा. इथून लटारीची गाडी जाईन." पाहतो तो मागे गडी धुरा फोडताहेत. धानाच्या मुलखात धुऱ्यावर पाणी थांबते आणि पाण्यावर पीक. आपला धुरा आपण कोणी फोडत नाही. एक म्हातारे पंच कळवळले, "भाऊ, पाणी कुठी थांबन?"

"उन्हाळ्यात बांधून टाकू. पट थांबते का उन्हाळ्यापर्यंत?"

मी कुरकुरलो, तर माझ्या दुकानाचे बांबू भाऊंनीच उपटून पलीकडे रोवले.

लटारीची गाडी थेट दोरीपाशी लागली. जोडी हरली. घर येईपर्यंत तो जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याला शिव्या देत होता. इतका सुखी माणूस मी त्या पटात दुसरा पाहिला नाही.

मग त्याच वाटेने आंधळे आजे आले, गुडघे धरलेल्या बायाही आल्या. पुढे मी चांद्यात हॉटेल बांधले, तेव्हा दारात पायरी ठेवू दिली नाही. गवंडी म्हणाला, "शोभा जाईन." म्हटले, "जाऊ दे. भाऊ येनार आहेत पाहाले."

आज भाऊंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. दर पावसाळ्याआधी तो धुरा बांधण्याचे आणि दर पटाला तो फोडण्याचे बळ त्यांच्या हातांत उदंड वर्षे राहो. लटारीची जोडी अजून जिंकायची आहे.