फेट्याखालचा कान

बाबांना एकाहत्तरच्या लढाईत शौर्यपदक मिळालं, आणि तेव्हापासून चिखलीत कुणाचाही कार्यक्रम निघाला की शाल-श्रीफळ घेऊन लोक आमच्या दारात हजर. सत्कार सगळे करतात, बोलू कोणी देत नाही. पाहुण्यांचीच भाषणं संपत नाहीत, हा दरवेळचा वैताग.

यंदा मी संयोजकांकडून दोन मिनिटं कबूल करून घेतली होती. बाबांना एकच गोष्ट चारचौघांत सांगायची होती. ते जखमी पडले तेव्हा अमडापूरच्या सोबत्याने त्यांना ओढत मागे आणलं, आणि आणता आणता गोळी लागून तो स्वतः गेला. पदक जितकं माझं तितकंच त्याचं, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. त्या सोबत्याची म्हातारी बायको मुद्दाम ऐकायला आली होती. "जय भीम, भाऊ," म्हणून पहिल्या रांगेत बसली.

आणि त्या शहाण्यांनी बाबांना फेटा बांधला. चापूनचोपून, थेट कानांवरून. आड येतं म्हणून कानातलं मशीन काढून त्यांच्याच खिशात टाकलं! फेटा काढा, असं मी खालून खुणावत राहिले, तर बाबा म्हणतात कसे, "मानाचा फेटा हाय. कार्यक्रम होयेपर्यंत कसा काढू?"

दोन तास भाषणं झाली. शेवटी सूत्रसंचालकाने बाबांना बोलायला बोलावलं. बाबा हसत बसून राहिले. त्याने पुन्हा बोलावलं. बाबांनी नमस्कार केला. "ते भारावून गेले आहेत," असं जाहीर करून तो गृहस्थ आभाराकडे वळला. मी धावत स्टेजवर चढले, फेटा ओढून काढला, मशीन कानात बसवलं. स्टेजवरचे सगळे मला खाऊ की गिळू करत होते. आणि बाबांना पहिलं ऐकू काय आलं, तर राष्ट्रगीत. ते ताडकन उठून सावधान उभे राहिले.

राष्ट्रगीत संपलं, की कार्यक्रमही संपला. अख्खा मंडप मसालेभाताच्या रांगेत.

"माहा नंबर कवा?" बाबांनी विचारलं. संतापाने मला रडूच आलं.

काय झालं ते कळल्यावर बाबा पायऱ्या उतरले, त्या म्हातारीसमोर उभे राहिले आणि सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मले त मालूमच हाय, भाऊ." तिने जेवणाच्या रांगेकडे हात केला. "त्यायले सांगाचं व्हतं."

बाबा रांगेपाशी गेले. ताट घेऊन उभ्या असलेल्या शेवटच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, दोन मिनिटं आयक."