राजमाता आवाज चढवत नाही

आमच्या ग्रुपात राजकुमारी व्हायले सगळ्या तयार. मोबाइलवर आमी काही जणी मिळून एका राज्याची गोष्ट लिहत होतो, हिंदीत. एकेकीनं एकेक पात्र घ्याचं आन त्याच्या तोंडचं लिहाचं. कोणाले जंगलात हरवाचं होतं, कोणाले राजकुमाराच्या घोड्यावर बसाचं होतं. दुष्ट मातर कोणालेच व्हाचं नव्हतं. म्हटलं, आणा इकडे. मी राजमाता झाली. सुनेले छळणारी, दासींले रडवणारी.

आन बाप्पा, काय जमली मले ती बाई! पोरी विचारत, दीदी, असे डायलॉग तुमाले सुचते कसे? सुचते काय कप्पाळ! सकाळी तांदूळ निवडता निवडता सासू जे बोले, तेच मी दुपारी, ती झोपली का, हिंदीत करून राजमातेच्या तोंडी घालत होती. सासूच्या जिभेले हाड नाही. माहेरी जायचं नाव काढलं का म्हणे, "तुह्या बापाले काही होत नाही. पोरीच्या हातच्या पोळीची चटक लागली त्याले."

माहे बाबा नंदिनी नगरात एकटे राहत. चुनखडीच्या खाणीतून रिटायर झालेले, छातीचा त्रास, आई कधीची गेलेली. आमच्या क्वार्टरातून तासाभराचाही रस्ता नाही, पण जायले सासूचा हुकूम लागे. आन नवरा? स्टील प्लान्टातून ड्युटी करून आला का जेवे न् झोपे. आईपुढं तोंडात मूग.

ग्रुपाचा एक कायदा होता. कंसात लिहिलं ते पात्राचं नाही, आपलं सोताचं. आन कडक सीन झाला का दुष्टानं समोरच्याले कंसात विचाराचंच, ठीक आहेस ना? समोरची नाही म्हणाली तं सीन पुसाचा. मी कितीही खडूस असली तरी हे कधी चुकवलं नाही. एकदा तो पोळीच्या चटकेचा डायलॉग मी दासी झालेल्या पोरीवर टाकला. मंग विचारलं. तिनं कंसात लिहिलं, "नहीं दीदी. मेरे घर में सच में ऐसा बोलते हैं." मी तवाच पुसून टाकला. तिथं पुसता येत होतं.

एक दिवस बाबाच्या शेजारीणबाईचा फोन आला. बाबा न्हाणीत पडले, कालपासून पोटात अन्न नाही, तुहंच नाव घेऊन राहिले, ये लवकर. मी सासूले म्हटलं, आई, मी जाऊन येतो.

"उद्या पाहुणे येऊन राहिले. पुरणाचा सैपाक काय तुहा बाप करन?" म्हणे. आन वरून तेच, "काही होत नाही त्याले. चटक लागली."

एरवी मी रडली असती, नाही तं भांडे आपटले असते. त्या दिवशी राजमाताच अंगात आली म्हणा. राजमाता आवाज चढवत नाही. समोरच्या बाईची दुखरी जागा पाहते आन तिथं हळूच बोट दाबते. सासूची दुखरी जागा बोरसी वस्तीत होती. तिची एकुलती पोरगी तिथं देलेली, आटोनं जाता येईन इतकी जवळ. पण भावाशी, म्हणजे माह्या नवऱ्याशी, भांडून गेली ते दिवाळीलेही येत नव्हती, आईचा फोनही उचलत नव्हती.

पिशवी खांद्याले लावली आन हळूच म्हटलं, "आई, एक दिवस तुमीही खाटल्यावर पडसान. तवा तुमच्या पोरीले फोन कराचा का नाही, हे मी ठरवीन. आन केलाच, तं सांगीन, येऊ नको बाई. काही होत नाही तिले. पोरगी पाहायची चटक लागली."

सासूचा हात डाळीच्या परातीतच राहिला. तोंड पांढरं पडलं. मले बरं वाटलं. खोटं कावून बोलू, लय बरं वाटलं.

बाबाले डॉक्टरकडे नेलं, मऊ भात खाऊ घातला. डोळ्यात पाणी आणून म्हणे, "तुह्या सासूनं लगेच धाडलं तुले. भली बाई आहे हो. माहा नमस्कार सांगजो."

दुसऱ्या दिवशी परत आली तं पाहुणे बाहेरचा नाश्ता खाऊन गेले होते. पुरण झालंच नव्हतं. सासू मागच्या दारात बसली होती, मांडीवर मोबाइल. स्क्रीनवर पोरीचं नाव, खाली एकाखाली एक लावलेले फोन, एकही उचललेला नाही. मले पाहून तिनं मोबाइल पालथा केला.

सवयीनं माह्या जिभेवर ते कंसातलं आलं, ठीक आहा ना? गिळलं. चहा ठेवला, कप तिच्यापुढं केला, बाबाचा नमस्कार सांगितला. भली बाई म्हटलं तुमाले, हेही सांगितलं. कप उचलता उचलता तिचा चहा लुगड्यावर सांडला. मी पाहत राहिली.

ठीक आहा का, हे नाही विचारलं. मले कोणी विचारलं होतं?