सुजाताची जागा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरीसुद्धा नाही. तुम्हाला का सांगतेय — नीट ठाऊक नाही.

पळसदरीच्या पुढे आमची शाळा. तिथं मी तेवीस वर्षं गणित शिकवलं. सुजातासारखी मुलगी तेवढ्या वर्षांत एकच आली. वडील खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर, आई लोकांच्या शेतात. आणि ही पोरगी? मी फळ्यावर गणित लिहून हात झटकेपर्यंत हिचं उत्तर तयार! मधल्या सुट्टीत पाचवीच्या मुलांना ती भाकरीचे तुकडे करून अपूर्णांक शिकवायची. माझ्यापेक्षा चांगलं — हेही कधी बोलले नव्हते.

दहावीनंतर पुण्याच्या एका कॉलेजचा फॉर्म मीच भरला. वसतिगृहासकट. तिच्या घरी रेंज नव्हती, म्हणून नंबर माझा. वेटिंग लिस्टवर ती पहिली होती. एका दुपारी फोन आला — एक जागा रिकामी झालीय, मुलगी येतेय ना?

तोवर मी कितीतरी हुशार मुलं घाटावर पाठवली होती. एकही परत आलं नव्हतं. पण खरं सांगू? त्या क्षणी गावाचा विचार थोडाच होता. मला ती हवी होती. जवळपास शिकून पुढं माझ्याच शाळेत शिकवणारी, माझ्या नजरेसमोर.

"नाही," मी म्हणाले. "ती येणार नाही."

दुसऱ्या दिवशी ती दारात. "बाई, फोन आला का ओ?"

"नाही गं."

"अजून दोन दिस वाट बघू?"

"बघ," म्हणाले मी. आणि तिला वाट बघू दिली. याला काय म्हणायचं?

ती कर्जतला शिकली. आज माझ्याच जागी गणित शिकवते. वरच्या वाडीतल्या मुली तिच्यामुळे बारावी झाल्या. तिचा तास बघायला दुसऱ्या शाळांतले शिक्षक येतात. अभिमान वाटतो? वाटतो — ऊर भरून येतो. ते खोटं आठवलं तरी कमी होत नाही.

गेल्या महिन्यात तिच्या एका विद्यार्थिनीला पुण्यात प्रवेश मिळाला. सुजाता स्वतः सोडायला गेली. परतली ती थेट माझ्याकडे. प्रयोगशाळा केवढी, वाचनालय केवढं — तासभर सांगत होती. मग म्हणाली, "बाई, मला तवा जागा मिळाली नाय, ते बरंच झालं. मी गेले असते तर या पोरींना कोन होतं?"

मी मान हलवली. हसलेसुद्धा.

तिला जागा मिळाली होती. ती मी घालवली.