जमीन तीच आहे

काल दुपारी रस्त्यावरून रोलर गेला आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. आई ताटावरून उठून थेट दारात.

"अगं आई, रोलर आहे तो," मी म्हटलं.

"रोलरच हाय ना?" असं म्हणत तिने वाकून स्वतः पाहिलं.

मी दुसरीत असताना भूकंपात आमचं गाव पडलं. बाबा भिंतीखाली गेले. सगळा देश हळहळला, पुढे नवी घरंही मिळाली. आई मात्र कित्येक महिने अंगणातच निजायची. "भिंती नव्या हायत गं, पण जमीन तीच हाय," म्हणायची.

तिच्या या संशयाला मी काल हसले. मग पाहिलं, तर माझी तान्ही मुलगी माझ्या कडेवर होती. पाळण्यातून तिला मी कधी उचललं, ते मला आठवेना.