चुकलेलं बटण

पक्षाघातानंतर आमच्या ह्यांचं करायला एक ताई घरी येतात. खोलीत शिरण्याआधी दार वाजवतात आणि ह्यांचा अडखळता "या" ऐकू येईपर्यंत बाहेर थांबतात. मी तरुणपणी आजारी सासूबाईंना पाच मिनिटांत भरवून मोकळी व्हायचे, आणि वर सेवेचा तोरा मिरवायचे.

काल ह्यांनी सदऱ्याची बटणं स्वतः लावली. अर्धा तास लागला. ताई हात मागे बांधून उभ्या होत्या. एक बटण चुकलं, तशी मी पुढे सरसावले.

"आजी, बसा. बागेत चाललेत, बोहल्यावर नाही."

हे हसले आणि तसेच ऐटीत निघाले. जिन्यात शेजारणीने बटणाकडे बोट दाखवलं.

"त्यांनी स्वतः लावलंय," मी म्हटलं. पुन्हा तोच तोरा, पण या वेळी काहीच न केल्याचा.